सिंगापूरच्या सहलीत युनिव्हर्सल स्टुडिओजचा एक दिवस: कुठला ठेवायचा आणि कसा काढायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मेच्या सुट्टीत नाशिकहून पाच जण सिंगापूरला चाललात: तुम्ही दोघं, ९ वर्षांचा मुलगा, ४ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या आई, ज्यांचा गुडघा दुखतो. मुक्काम पाच रात्रींचा, हॉटेल लिटल इंडियात. एजंटने पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी युनिव्हर्सल, दुपारनंतर केबल कार आणि रात्री 'विंग्ज ऑफ टाइम' हा शो असं एकाच दिवसात बसवलं आहे, आणि पाचही जणांना एक्सप्रेस पास, म्हणजे राइडची लांब रांग टाळायचा जादा पास, घ्या म्हणतोय. घर शाकाहारी. 'सगळ्या राइड्स होतील असा प्लॅन द्या,' असं तुम्ही लिहिलंय.

सगळ्या राइड्स सगळ्यांच्या होणार नाहीत. वेळ कमी पडतो हे त्याचं मुख्य कारण नाहीच. तुमच्या पाच जणांना मिळून एकत्र बसता येईल अशा राइड्स त्या पार्कात मोजक्याच आहेत. मुलाला जे हवंय तिथे मुलीला उंचीमुळे घेणार नाहीत, आणि आईंनी त्यातल्या बहुतेकांच्या वाटेला जाऊच नये. तरी बहुतेक कुटुंबं पाच जणांचा गोतावळा करून दारोदार फिरतात. दोघं आत जातात, तिघं बाहेर उन्हात उभे राहतात, आणि संध्याकाळी सगळेच वैतागलेले असतात. म्हणून खरा प्रश्न असा आहे: दोन तुकड्या कशा करायच्या, त्या कधी आणि कुठे एकत्र यायच्या, आणि हा दिवस पाच दिवसांपैकी कुठला ठेवायचा.

आधी दिवसाचं बघू, कारण ते अजून तुमच्या हातात आहे. नाशिकहून निघून रात्रीचं विमान धरायचं म्हणजे संध्याकाळीच गाडी काढावी लागते. विमानात साडेपाच तास, त्यात झोप अर्धवट. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. पार्कच्या दिवशी तिथे साडेसहाला उठायचं म्हणजे मुलांच्या अंगाला पहाटेचे चार वाजलेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी हे जमत नाही. निघायला साडेनऊ-दहा होतात आणि गेटवर पोहोचेपर्यंत साडेअकरा. तिसऱ्या दिवसापर्यंत शरीर बरंचसं जुळून येतं. त्यामुळे तुमच्यासाठी तिसरा दिवस, आणि तो मंगळवार ते गुरुवार यांच्यातला. विमानाची तिकिटं काढायची राहिली असतील तर हा हिशोब उलट्या बाजूने करा, म्हणजे तिसरा दिवस आठवड्याच्या मधोमध येईल. शेवटचा दिवस मात्र नको. ओले बूट, बॅगा भरणं आणि रात्रीचं विमान यांची गाठ घालू नये.

मे महिना निवडलात हे बरं केलंत, पण त्यातही भाग आहेत. सिंगापूरच्या शाळांना मोठी सुट्टी मेच्या अखेरीस लागते आणि जूनभर चालते. म्हणजे आपल्या शाळा बंद आणि त्यांच्या चालू अशी फट एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मिळते. त्यात १ मे आणि वेसाक, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा, यांच्या सुट्ट्या टाळा. ज्यांना मेऐवजी दिवाळीत जायचंय त्यांनी एक गोष्ट नक्की तपासावी. सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत ठरावीक रात्री तिथे हॅलोवीनचा वेगळ्या तिकिटाचा कार्यक्रम असतो, आणि त्या दिवशी साधं तिकीट असलेल्यांसाठी पार्क लवकर बंद होतं. तिकिटाचे पैसे तेवढेच आणि तास कमी.

त्याच दिवशी केबल कार आणि 'विंग्ज ऑफ टाइम' घालण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: काढून टाका. एजंट हे का करतो ते कळतं. सगळं सेंटोसा बेटावरच आहे, एका गाडीत काम होतं. पण पार्क साधारण दहा ते सात उघडं असतं (तारखेनुसार बदलतं, आपल्या दिवसाची वेळ त्यांच्या साइटवर बघा). केबल कारसाठी तीनला बाहेर पडायचं ठरवलंत तर नऊ तासांतले चार गेले, आणि तेही चांगले चार. दुपारी चारनंतर बसने आलेले ग्रुप निघायला लागतात आणि रांगा उतरतात. केबल कार आणि रात्रीचा शो चौथ्या दिवशी संध्याकाळी आरामात होईल, आणि त्यात आईंनाही मजा येईल.

आता उंचीकडे येऊ. माझ्या मते सगळं नियोजन इथूनच सुरू व्हायला हवं. आजच दोन्ही मुलांना अनवाणी भिंतीला टेकवून उभं करा, डोक्यावर पुस्तक आडवं ठेवून पेन्सिलीने खूण करा आणि टेपने मोजा. अंदाज नको. तुम्ही लिहिलंय मुलगी 'साधारण ९८ सेंमी' आणि मुलगा '१३० च्या आसपास'. ते खरं धरून हिशोब असा होतो. फार फार अवे भागातली एन्चांटेड एअरवेज ही लहान मुलांची रोलरकोस्टर आणि लॉस्ट वर्ल्डमधला कॅनपी फ्लायर, दोन्हींना किमान ९२ सेंमी लागतं, म्हणजे मोठ्यांसोबत मुलगी बसू शकते. पुस इन बूट्सला १०० लागतात. ती दोन सेंमीने अडेल, आणि रडारडीची जागा नेमकी हीच, कारण ही राइड लहान मुलांची वाटते. ट्रान्सफॉर्मर्सला १०२, जुरासिक पार्क रॅपिड्सला १०७, मम्मीला १२२ आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिकाच्या दोन्ही रुळांना १२५. मुलगा सगळीकडे बसेल. कर्मचारी प्रत्येक ठिकाणी मोजपट्टीला लावून बघतात, तिथे 'जाऊ द्या की हो' चालत नाही. जाड तळव्याचे बूट घालून दोन सेंमी वाढवायच्या फंदात पडू नका. त्या आकड्यामागे सेफ्टी बार मुलाच्या अंगाला नीट बसतो की नाही हा साधा हिशोब असतो.

मुलीला हे घरीच सांगून ठेवा: 'या तुझ्या आणि माझ्या, त्या दादाच्या.' दारात पहिल्यांदा कळलं तर पुढचा अर्धा तास गेलाच समजा. तिच्या वाट्याला खरं तर कमी नाही. न्यूयॉर्क भागात सेसमी स्ट्रीटची स्पॅगेटी स्पेस चेस आहे, फार फार अवेमध्ये मॅजिक पोशन स्पिन हा छोटा आकाशपाळणा आहे, लॉस्ट वर्ल्डमध्ये डायनो-सोअरिन आहे. शिवाय फेब्रुवारी २०२५ मध्ये मादागास्करच्या जागी उघडलेला मिनियन लँड हा अख्खा भाग आहे, त्यात बगी बूगी आणि सिली स्वर्ली. एवढ्यात तिचा दिवस भरतो.

म्हणून तुकड्या अशा करा. पहिली: तुम्ही आणि मुलगा. दुसरी: वहिनी, मुलगी आणि आई. पार्क एका तळ्याभोवती गोल मांडलेलं आहे. आत शिरल्यावर हॉलीवूडचा रस्ता लागतो. तिथून एका बाजूने न्यूयॉर्क, साय-फाय सिटी, एन्शंट इजिप्त असं जाता येतं, आणि दुसऱ्या बाजूने मिनियन लँड, फार फार अवे. लॉस्ट वर्ल्ड साधारण पलीकडच्या टोकाला. दोन तुकड्या दोन बाजूंनी निघाल्या तर लॉस्ट वर्ल्डपाशी आपोआप भेट होते.

वहिनींनाही मोठ्या राइड्स करायच्या असतील तर आईंकडे मुलीला सोपवून तिघांनी तासभर रांगेत जाऊ नये. गर्दीत चार वर्षांचं पोर सांभाळणं आणि दुखऱ्या गुडघ्याने तिच्यामागे धावणं एका वेळी होत नाही. मोठ्या राइड्सना पालकांनी आलटून पालटून बसायची सोय असते. सगळे एकत्र रांग लावतात, एक पालक मुलाला घेऊन बसतो, दुसरा लहानग्यासोबत थांबतो, मग अदलाबदल, दुसऱ्याला पुन्हा रांग नाही. रांगेच्या तोंडाशीच कर्मचाऱ्याला 'चाइल्ड स्वॅप' म्हणून विचारा. आत गेल्यावर विचारलं तर कधी कधी जमत नाही. याशिवाय ट्रान्सफॉर्मर्स, मम्मी, बॅटलस्टारसारख्या ठिकाणी 'सिंगल रायडर' ही वेगळी रांग असते, रिकाम्या राहिलेल्या एखाद्या खुर्चीत एकट्याला बसवतात आणि ती बरीच लवकर सरकते. मुलाला अनोळखी माणसाशेजारी बसवायचं नसेल तर ती त्याच्यासाठी नको, पण तुमच्यापैकी एकाला काही पुन्हा करायचं असेल तर उत्तम.

एक्सप्रेस पासचा निर्णय आता सोपा झाला. पास माणशी असतो आणि साधा एक्सप्रेस प्रत्येक राइडला एकदाच चालतो. अनलिमिटेड वेगळा आणि महाग. पासाचा दर तारखेनुसार चढतो, आणि गर्दीच्या दिवसांत तो प्रवेशाच्या तिकिटाइतका किंवा त्याच्याही वर जाऊ शकतो. मुलगी ज्या राइड्सना बसूच शकत नाही त्यांच्यासाठी तिचा पास कशाला? आईंचा कशाला? घ्यायचाच असेल तर दोन, फार तर तीन. मेच्या मधल्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार असेल तर मी आधी काढूच नका म्हणेन. दहाला आत असाल तर पहिल्या दीड तासात दोन-तीन मोठ्या राइड्स होतात. साडेअकराला रांगांचे फलक बघा. सगळीकडे तासाच्या वर दिसत असेल तर दोघांसाठी आतच घ्या, शिल्लक असेल तर मिळतो. शनिवार-रविवार, जून किंवा डिसेंबर असेल तर हे धाडस करू नका, दोघांचा आधीच काढून ठेवा.

आता दिवसाचा क्रम. याबाबत माझा सल्ला नेहमीच्या सल्ल्यापेक्षा थोडा वेगळा आहे. बहुतेक जण 'आधी ट्रान्सफॉर्मर्स गाठा' म्हणतात. पण सिंगापूरला मेमध्ये दुपारी विजांचा पाऊस ही नेहमीची गोष्ट आहे. विजेचा इशारा आला की उघड्यावरच्या राइड्स बंद करतात: बॅटलस्टार, कॅनपी फ्लायर, पुस इन बूट्स, एन्चांटेड एअरवेज, रॅपिड्स. कधी वीस मिनिटं, कधी दोन तास. त्याचे पैसे परत मिळत नाहीत. छताखालच्या मात्र चालू राहतात: ट्रान्सफॉर्मर्स, मम्मी, सेसमी स्ट्रीट, श्रेक ४-डी, लाइट्स कॅमेरा ॲक्शन. त्यामुळे सकाळ उघड्यावरच्या राइड्सना द्या आणि दुपार छताखालच्यांना. ट्रान्सफॉर्मर्सची रांग दुपारी लांब असली तरी आत गारव्यात उभं राहता येतं. तासभर उन्हात उभं राहण्यापेक्षा ते परवडलं.

तुमच्या तुकडीने गेट उघडताच थेट साय-फाय सिटीत बॅटलस्टारला जावं. दोन रूळ आहेत. लाल, म्हणजे ह्यूमन, यात खुर्चीत बसून जायचं. निळा, म्हणजे सायलॉन, यात पाय खाली लोंबतात आणि गाडी उलटीपालटी होते. मुलाची ही पहिलीच मोठी रोलरकोस्टर असेल तर लाल आधी, मग त्याला विचारून निळी. घाबरलेल्या मुलाला 'पैसे भरलेत' म्हणून चढवू नका, उरलेला दिवस तो कशालाच तयार होत नाही. खिशातलं सगळं लॉकरमध्ये ठेवावं लागतं. या राइड्सचे लॉकर ठरावीक वेळ मोफत आणि नंतर पैसे अशा पद्धतीचे असतात. म्हणून सामान ठेवून जेवायला जाऊ नका. लॉकरचा नंबर फोनने टिपायचा म्हटलं तर फोनही आतच राहतो, तेव्हा तोंडपाठच करा.

तिथून पुढे इजिप्तमध्ये ट्रेझर हंटर्स ही शांत गाड्यांची राइड, रांग छोटी असेल तरच. मग सरळ लॉस्ट वर्ल्ड. तोवर वहिनींच्या तुकडीचं मिनियन लँड आणि एन्चांटेड एअरवेज झालेलं असेल. मिनियन लँड नवीन आहे आणि सुरुवातीलाच लागतं म्हणून साडेदहानंतर तिथे झुंबड उडते, त्यांनीही तिथूनच सुरुवात करणं बरं. साधारण सव्वाअकराला लॉस्ट वर्ल्डमध्ये सगळे भेटा. कॅनपी फ्लायरला एका वेळी मोजकीच माणसं जातात, त्यामुळे रांग दिसते छोटी आणि सरकते हळू. अर्ध्या तासाच्या वर फलक असेल तर सोडून द्या, राइड तेवढी मोठी नाही.

जुरासिक पार्क रॅपिड्स हा ओलं होण्याचा कार्यक्रम आहे, आणि त्याची जागा चुकली की पुढचे चार तास वाईट जातात. गोल तराफा असतो, त्यात नऊ जण वर्तुळात बसतात. तो प्रवाहात गरगरत जातो, त्यामुळे कोण भिजणार हे बसताना सांगता येत नाही. शेवटी अंधारात तराफा लिफ्टने वर जातो आणि तिथून खाली सोडतात, तेव्हा बहुतेकांची आंघोळ होते. रेनकोटने शर्ट वाचतो, बूट नाही, कारण पाणी तराफ्याच्या तळाशी साचतं. मागे पट्टा असलेल्या सँडल घालून जा, मोजे-बूट पिशवीत ठेवून पिशवी वहिनींकडे द्या. ओल्या मोज्यांनी दुपारभर चाललं की टाचेला फोड येतो. आणि ओल्या कपड्यांनी मम्मीच्या गार हॉलमध्ये शिरलं की मुलगा कुडकुडतो. म्हणून रॅपिड्स जेवणाच्या आधी करा, जेवताना कपडे वाळतील. पातळ प्लास्टिकचे पोंचो नाशकात मेनरोडला किंवा रविवार कारंज्यावर मिळतात, पाच घेऊन जा. तिथे आत तेच डॉलरमध्ये घ्यावे लागतात.

वॉटरवर्ल्डचा शो तिथेच आहे, साधारण वीस मिनिटांचा. वेळा आत शिरताना फलकावर किंवा ॲपवर बघा आणि वीस-पंचवीस मिनिटं आधी बसा. पुढच्या भागातल्या बाकांवर पाणी मारतात आणि ते खुणेने दाखवलेलं असतं, आईंना मागे बसवा. स्फोटांचे मोठे आवाज आणि आगीचे लोळ आहेत, मुलगी दचकणारी असेल तर आधी सांगून ठेवा. सगळ्यांना एकत्र बसून बघता येतील अशा थोड्या गोष्टींतली ही एक, ती चुकवू नका.

जेवण एक वाजता करू नका. साडेबारा ते दोन सगळं पार्क जेवतं. पावणेबारा किंवा सव्वादोन, यांतलं एक धरा. नाश्ता पोटभर झाला असेल तर सव्वादोनच. शाकाहारी माणसांसाठी एन्शंट इजिप्तमधलं ओअॅसिस स्पाइस कॅफे बघा, तिथे भारतीय आणि अरबी पद्धतीचं जेवण असतं. न्यूयॉर्कमध्ये लुईज पिझ्झा आहे. हलाल लिहिलंय म्हणजे शाकाहारी असं होत नाही, आणि तिकडे 'व्हेज'मध्ये फिश सॉस किंवा अंडं असू शकतं. 'नो मीट, नो फिश, नो एग, नो फिश सॉस' असं एकेक नाव घेऊन विचारा. माणशी १५-२० सिंगापूर डॉलर धरा. बाहेरचं जेवण आत न्यायला मनाई आहे आणि बॅग तपासतात. पाण्याची बाटली आणि लहान मुलांचं खाणं यांना सहसा अडवत नाहीत. नळाचं पाणी तिथे पिण्यालायक असतं, बाटल्या आत भरून घ्या. दशम्या, चिवडा हॉटेलवर ठेवा, रात्री कामाला येतात. एक सांगून ठेवतो: सिंगापुरात खसखस न्यायला बंदी आहे. अनारसे आणि खसखस घातलेला गोडा मसाला बॅगेत नको.

दुपारी जेवणानंतर छताखालच्या राइड्स. तुम्ही आणि मुलगा मम्मी, मग ट्रान्सफॉर्मर्स. मम्मी अंधारातली रोलरकोस्टर आहे. ट्रान्सफॉर्मर्समध्ये मोठी उतारचढ नाही, पण थ्रीडी चष्मा लावून गाडी सारखी झटके देत वळते. कसारा घाटात ज्याला मळमळतं त्याने ही राइड भरल्या पोटी करू नये. मळमळीची गोळी द्यायची असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि ती राइडच्या आधी घ्यायची असते, नंतर उपयोग नाही. तेवढ्या वेळात दुसरी तुकडी सेसमी स्ट्रीट आणि श्रेक ४-डी बघू शकते. श्रेकच्या खुर्च्या हलतात, आईंसाठी स्थिर जागा आहे का ते दाराशी विचारा.

आईंसाठी आणखी दोन गोष्टी. प्रवेशाजवळ व्हीलचेअर भाड्याने मिळते. 'मला कशाला खुर्ची' म्हणतील, तरी घ्या. त्यांना दिवसभर ढकलायची गरज नाही, पण रांगेबाहेर थांबताना हक्काची बसायची जागा होते आणि तुमच्या पिशव्याही तिच्यावर राहतात. दुसरं, दुपारी त्यांना थकवा आला तर हॉटेलवर जाऊन परत येता येतं. बाहेर पडताना गेटवर हातावर शिक्का मारून घ्यायचा. परतीच्या सेंटोसा एक्सप्रेसला पैसे लागत नाहीत, पुन्हा बेटावर येताना लागतात. वहिनी, मुलगी आणि आई एक ते चार झोपून आल्या तर संध्याकाळ फार बरी जाते. सिंगापूरचे सात म्हणजे आपले साडेचार, मुलांना एवढ्यात झोप येत नाही.

चारनंतर रांगा उतरू लागतात. सकाळी राहिलेलं तेव्हा करा. मुलाला बॅटलस्टार पुन्हा हवी असेल तर तीही, पाऊस नसेल तर. खेळणी आणि बाहुल्या शेवटी घ्या, नाहीतर प्रत्येक लॉकरला ती कोंबत बसावी लागतात. आणि गेटबाहेरच्या फिरत्या पृथ्वीगोलासमोरचा फोटो सकाळी काढायला थांबू नका. तुमची पंधरा मिनिटं तिथे जातात आणि तेवढ्यात पुढे शंभर माणसं आत गेलेली असतात. संध्याकाळी तो दिव्यांत जास्त छान दिसतो.

जायचं कसं, हे लिटल इंडियातून सोपं आहे. सेरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासूनचं शाकाहारी हॉटेल आहे, तिथे सकाळी इडली-डोसा खाऊन घ्या. आठ-सव्वाआठला लिटल इंडिया स्टेशनवरून नॉर्थ ईस्ट लाइनची, म्हणजे जांभळ्या रेषेची गाडी धरा. हार्बरफ्रंट तिचं शेवटचं स्टेशन, गाडी बदलायची नाही, साधारण पंधरा मिनिटं. वर व्हिवोसिटी मॉल आहे. त्याच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्सप्रेस सुटते, पहिलंच स्टेशन रिसॉर्ट्स वर्ल्ड, तिथे उतरा. नऊ-सव्वानऊला गेटपाशी असायला हवं. मेट्रोत एका कार्डवर दोन माणसं जात नाहीत, प्रत्येकाचं वेगळं कार्ड लागतं. मुलांचं काय करायचं ते आदल्या दिवशी स्टेशनच्या खिडकीवर विचारा, सकाळी नको. परत येताना टॅक्सी करायची असेल तर साध्या गाडीत चारच बसतात, पाच जणांना सहा सीटरच मागवा.

पिशवीत काय: पोंचो, मुलांचा एकेक जोड कपडे आणि मोजे, टोप्या, पॉवरबँक, आईंची औषधं, प्लास्टिकच्या दोन पिशव्या ओल्या कपड्यांसाठी. मुलीच्या खिशात तुमचा तिथे चालणारा नंबर इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी. चुकामूक झाली तर भेटायची जागा एकच ठरवा, हॉलीवूडमधलं मेल्स ड्राइव्ह-इन ठीक आहे, मोठं आहे आणि गेटकडे जाताना लागतं.

एजंटला पैसे देण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या. तिकीट तुमच्या तारखेचं आहे का, कारण ते तारखेचंच असतं. क्यूआर कोड थेट गेटवर चालतो, की आधी कुठल्या खिडकीवर बदलून घ्यायचा आहे (तसं असेल तर सकाळची वीस मिनिटं गेली). मुलांची तिकिटं बाल दराची आहेत का, तिथे ४ ते १२ वर्षांचा बाल दर आहे, म्हणजे तुमच्या मुलीचं तिकीट लागणारच. आणि तारीख बदलता येते का. तो म्हणेल, पॅकेजमध्ये बदल होत नाही. मग युनिव्हर्सलचं तिकीट पॅकेजमधून वगळून त्याचे पैसे कमी करून मागा आणि तिसऱ्या दिवसाचं तुम्ही स्वतः काढा, पार्कच्या साइटवर कार्डने निघतं.